बँक कोणाच्या हाती? : बॅकारा या खेळाची हकीगत

श्रोतेहो, पत्त्यांचा कॅट आपल्या गावांना नवा नाही. पावसाची झड लागली, शेतातली कामे थांबली, की देवळाच्या ओवरीत नाही तर कुणाच्या पडवीत डाव पडतो. कुणी झब्बू खेळतो, कुणी बदाम सात, कुणी मेंढीकोट. आणि जरा आडोशाला तीन पानीही चालते. आज ज्या खेळाची हकीगत सांगायची आहे, तो मात्र आपल्या ओसरीवरचा नव्हे. तो फ्रान्सात वाढला, इंग्लंडात बदनाम झाला, अमेरिकेत त्याने नवे रूप घेतले आणि चीनच्या किनाऱ्यावर तो अमाप श्रीमंत झाला. त्याचे नाव बॅकारा.

परक्यांच्या या खेळाची उठाठेव आपण कशाला करायची, असे कुणी विचारील. त्याला कारण आहे. जुगाराचा मूळ प्रश्न या खेळात आरशासारखा स्वच्छ दिसतो. तो प्रश्न म्हणजे, बँक कोणाच्या हाती आहे? इथे बँक म्हणजे पासबुकाची बँक नव्हे. सगळ्यांनी लावलेले पैसे जो एकटा अंगावर घेतो, हरला तर सगळ्यांना देतो आणि जिंकला तर सगळ्यांचे घेतो, त्याला या खेळात बँक म्हणतात.

आधी खेळ समजून घेऊ. तो इतका सोपा आहे की तिसरीतले पोरही तो शिकेल. एक्क्याचा एक गुण. दुर्रीपासून नव्वीपर्यंत जेवढे ठिपके तेवढे गुण. दश्शी, गुलाम, राणी आणि राजा यांची किंमत शून्य. हो, राजाचीसुद्धा शून्य! दोन बाजूंना दोन दोन पाने वाटायची. बेरीज करायची आणि ती दहाच्या वर गेली तर दहा सोडून द्यायचे. सत्ती आणि अठ्ठी आली तर पंधरा नव्हे, पाच. नऊ हा सर्वांत मोठा हात. पहिल्या दोन पानांतच आठ किंवा नऊ झाले तर डाव तिथेच संपतो. नाहीतर नियमाप्रमाणे एखाद्या बाजूला किंवा दोन्ही बाजूंना तिसरे पान मिळते, आणि ज्याचे गुण नवाच्या जास्त जवळ तो जिंकतो. शून्य गुणांच्या हाताला फ्रेंच खेळाडू बॅकारा म्हणत. खेळालाही तेच नाव आहे. म्हणजे ज्या खेळावर राजेरजवाडे फिदा झाले, त्याचे नावच मुळी शून्याचे.

आता पाहा, ब्रिजमध्ये किंवा आपल्या मेंढीकोटमध्ये डोके चालवावे लागते. कोणती पाने गेली, हुकूम कुणाकडे आहे, भिडू काय सुचवतो आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. बॅकारात विचार करण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. जुन्या प्रकारात हातात पाच गुण असताना पान घ्यावे की न घ्यावे, एवढीच काय ती खेळाडूला मोकळीक. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढच्या साऱ्या इतिहासाचे मूळ तिच्यात आहे.

हा खेळ पंधराव्या शतकात इटलीत जन्मला आणि आठव्या चार्ल्स राजाच्या सैन्याबरोबर फ्रान्सात आला, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण तिला लेखी पुरावा नाही. खात्रीची वर्णने मिळतात ती एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्सात. १८३७ सालच्या अखेरीस पॅरिसमधली परवानगीची जुगारघरे सरकारने बंद केली. दार बंद झाले म्हणून खेळणारे थोडेच थांबतात? ते खासगी मंडळांत आणि दिवाणखान्यांत गेले. अशा घरगुती बैठकीला बॅकारा फार सोयीचा पडला. ना चक्र लागते, ना यंत्र. एक टेबल आणि पत्त्यांचे दोन-चार कॅट असले की झाले.

या खेळाच्या एका प्रकाराला फ्रेंचांनी नाव दिले ‘शमँ द फेर’, म्हणजे लोहमार्ग, आगगाडीचा रस्ता. त्यात पाने ठेवण्याची पेटी टेबलाभोवती एकाकडून दुसऱ्याकडे फिरते. पेटी ज्याच्यापुढे येईल तो त्या वेळी बँक. तो हरला की पेटी पुढच्याकडे. म्हणजे आज बँक तुझी, उद्या माझी. नफ्याचे पारडे आळीपाळीने सगळ्यांच्या दारावरून जाते. दुसऱ्या प्रकारात एकच माणूस सारा वेळ बँक धरून बसतो आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंच्या लोकांशी खेळतो. हा दुसरा प्रकार इंग्लंडातल्या बड्या लोकांना आवडला, आणि त्यातूनच एक जगप्रसिद्ध खटला उभा राहिला.

ती हकीगत अशी. १८८४ साली लंडनच्या न्यायालयाने बॅकारा हा बेकायदा जुगार ठरवला होता. तरी राणी व्हिक्टोरियाचे थोरले चिरंजीव, युवराज एडवर्ड, यांचा तो आवडता खेळ. हेच पुढे सातवे एडवर्ड झाले. मुंबईत ज्यांना ‘काळा घोडा’ ठाऊक आहे त्यांना हे गृहस्थ ठाऊक आहेत, कारण त्या घोड्यावरचा स्वार म्हणजेच हे युवराज. १९६५ साली तो पुतळा तिथून हलवून राणीच्या बागेत नेला. नाव मात्र जागेला चिकटून राहिले.

सप्टेंबर १८९० मध्ये डॉन्कास्टरच्या घोड्यांच्या शर्यतींसाठी युवराज यॉर्कशायरला गेले. एरवी ते तिथे आपल्या एका जुन्या मित्राकडे उतरत. पण युवराजांची सरबराई करता करता त्या मित्राचे दिवाळे वाजायची वेळ आली होती. म्हणून यंदा मुक्काम पडला ट्रॅनबी क्रॉफ्ट या हवेलीत, आर्थर विल्सन नावाच्या जहाजमालकाकडे. पाहुण्यांत होते सर विल्यम गॉर्डन-कमिंग, राजाच्या पायदळ रक्षक पलटणीतले लेफ्टनंट कर्नल, झुलूंशी आणि सुदानात लढलेले, युवराजांचे वीस वर्षांचे स्नेही. आणि आणखी एक पाहुणे होते रूबेन ससून, मुंबईच्या डेव्हिड ससून यांचे पुत्र. पुण्याचे ससून रुग्णालय ज्यांच्या नावाचे, तेच हे डेव्हिड ससून.

८ सप्टेंबरच्या रात्री जेवणानंतर बॅकाऱ्याची बैठक बसली. युवराज स्वतः बँक. चकत्याही त्यांच्याच, चामड्याच्या, त्यांचे राजचिन्ह उमटवलेल्या, निरनिराळ्या किमतींच्या. खेळता खेळता विल्सन यांच्या तरुण मुलाला वाटले की गॉर्डन-कमिंग लबाडी करीत आहेत. लबाडी कसली? आपला हात जिंकला असे दिसताच आणखी चकत्या हळूच पुढे सारायच्या, आणि हरला असे दिसताच हळूच मागे ओढायच्या. दुसऱ्या दिवशी टेबल बदलले. त्यावर हिरवे कापड घातले आणि खडूची रेघ ओढली. लावलेली चकती रेघेच्या पुढे, न लावलेली मागे. त्या रात्री घरातली आणखी माणसे लक्ष ठेवून होती. एकूण पाच जणांनी सांगितले की आम्ही लबाडी पाहिली. दोन रात्रींत सर विल्यम यांनी जिंकले होते सुमारे सव्वादोनशे पौंड.

१० सप्टेंबरला त्यांच्यापुढे एक कागद ठेवला गेला. ‘मी यापुढे जन्मात पत्ते खेळणार नाही’ अशा आशयाचे वचन द्यायचे; त्या बदल्यात सगळे जण गप्प राहतील. सर विल्यम म्हणत राहिले, मी निर्दोष आहे. पण युवराजांचे नाव चव्हाट्यावर येईल, पलटणीची बेअब्रू होईल, या धाकाने त्यांनी सही केली. खाली साक्षीदार म्हणून दहा जणांच्या सह्या झाल्या. त्यांत युवराजांची सही होती, रूबेन ससून यांचीही होती.

श्रोतेहो, दहा माणसांना ठाऊक असलेले गुपित किती दिवस टिकते हे आपल्या गावात कुणालाही विचारा. वर्ष संपायच्या आत कुजबुज सुरू झाली. तेव्हा सर विल्यम यांनी त्या पाच जणांवर बदनामीचा दावा लावला. जून १८९१ मध्ये लंडनला, सरन्यायाधीश लॉर्ड कोलरिज यांच्यापुढे तो चालला. पाहायला इतकी बडी मंडळी लोटली की न्यायालयात शिरायला तिकिटे लागली. इंग्लंडचा भावी राजा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. ज्या खेळाला त्याच्या आईच्या राज्यातल्या न्यायालयाने बेकायदा ठरवले होते, त्याच खेळात आपण बँक होतो, हे त्याला साऱ्या जगापुढे सांगावे लागले. ज्युरीतल्या एका सदस्याने उठून विचारले, तुम्ही स्वतः लबाडी पाहिलीत का? युवराजांनी ती पाहिली नव्हती. पाने वाटणाऱ्याचे तिकडे लक्ष जात नाही, असे त्यांचे म्हणणे. मग आरोपावर विश्वास का ठेवलात? तर एवढी माणसे एकमुखाने सांगत होती म्हणून.

सर विल्यम यांचा बचाव साधा होता. मी एक ठरावीक पद्धत वापरीत होतो. पाच पौंड लावायचे. जिंकले की ते पाच, जिंकलेले पाच आणि वर आणखी पाच, असे पंधरा पुढच्या डावाला लावायचे. नवख्या पोरांनी ती तिसरी चकती पाहिली आणि लबाडी समजली. ज्युरीने अवघ्या तेरा मिनिटांत निकाल दिला, तो त्यांच्या विरुद्ध. दुसऱ्याच दिवशी त्यांना सैन्यातून काढून टाकले. त्याच दिवशी त्यांनी लग्न केले. ठरलेली वधू त्यांना सोडून गेली नाही. पुढे ते १९३० पर्यंत जगले, पण बड्यांच्या समाजाने त्यांना पुन्हा जवळ केले नाही. ते खरोखर दोषी होते का, यावर अभ्यासकांचा आजही वाद आहे.

या खटल्यातून आपण काय घ्यायचे? मघाशी सांगितलेली गोष्ट आठवा. या खेळात अक्कल चालवायला जागा नाही, म्हणून लबाडीलाही जागा एकच, हात आणि चकती यांच्यामधली चार बोटे. ती चार बोटे राखायला घरगुती बैठकीत कोण होते? कुणी नाही. खडूची एक रेघ आणि माणसाचा शब्द. बँक मित्राच्या हाती असली की पैसा कमी पणाला लागतो, मैत्री जास्त लागते. दोनशे पौंडांपायी वीस वर्षांचा स्नेह, एक सरदार घराण्याची अब्रू आणि युवराजांचा लौकिक, सारेच एका टेबलावर मांडले गेले.

आता दुसरा अंक. इंग्लंडात ही शोभा चालली असताना युरोपात निराळीच व्यवस्था उभी राहत होती. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याला चिकटलेले मोनॅको हे तालुक्याहूनही लहान संस्थान. तिथल्या जुगारघराचा मक्ता १८६३ साली फ्रान्स्वा ब्लां या माणसाने घेतला. जुगारघर असे चालले की १८६९ साली संस्थानिकाने प्रजेचा प्राप्तिकरच माफ करून टाकला. पण गंमत अशी, की मोनॅकोच्या प्रजाजनांना त्या जुगारघरात खेळायची मनाई! बाहेरच्यांनी यावे आणि हरावे. घरच्यांनी तिथे बसू नये. हा नियम ध्यानात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

फ्रान्सनेही १९०७ साली कायदा करून समुद्रकाठच्या आणि उन्हाळ्यांच्या, म्हणजे गरम झऱ्यांच्या, गावांतल्या कॅसिनोंना बॅकाऱ्याची परवानगी दिली. पहिल्या महायुद्धानंतर निकोलस झोग्राफोस हा हिशेबात तरबेज ग्रीक गृहस्थ आणि त्याचे सोबती यांनी मिळून एक कंपू केला. १९२२ साली दोव्हील गावी त्यांनी जाहीर केले, बँक आमची. कितीही पैसे लावा, वरची मर्यादा नाही. मोठमोठे धनिक त्यांच्यापुढे हात पोळून गेले. मोटारींचे कारखानदार आंद्रे सित्रोएन यांचे नाव त्यांत नेहमी घेतात. आळीपाळीने फिरणारी बँक आता एका भांडवलवाल्या मंडळीच्या हाती आली होती.

तिसरा अंक अमेरिकेत. क्यूबातल्या हवानाच्या जुगारघरांत ‘पुंतो बांको’ नावाचा बॅकारा चाले. १९५९ च्या अखेरीस तो लास व्हेगासच्या सँड्स हॉटेलात आला. यात खेळाडूची उरलीसुरली मोकळीकही गेली. तिसरे पान केव्हा घ्यायचे, केव्हा नाही, हे सारे छापील तक्त्याप्रमाणे. खेळणाऱ्याने फक्त सांगायचे, पैसे कशावर: ‘खेळाडू’ नावाच्या हातावर, ‘बँक’ नावाच्या हातावर, की बरोबरीवर. नीट पाहा हं! ‘बँकेच्या हातावर’ पैसे लावले म्हणून आपण बँक होत नाही. ते निव्वळ एका हाताचे नाव. खरी बँक आता कायमची कॅसिनोची.

गुरुजनांसाठी इथे वर्गात मांडण्याजोगा हिशेब आहे. आठ कॅट एकत्र पिसून खेळ चालतो. अशा १०० डावांत सरासरीने ४५.८६ डाव बँकेचा हात जिंकतो, ४४.६२ डाव खेळाडूचा हात, आणि ९.५२ डाव बरोबरीचे. बँकेचा हात किंचित पुढे, कारण दुसऱ्याचे तिसरे पान पाहून त्याचे पान ठरते. म्हणून त्या हातावर जिंकणाऱ्याकडून कॅसिनो शेकडा ५ कापून घेतो. दर डावाला १०० रुपये याप्रमाणे बँकेच्या हातावर शंभर डाव लावले, तर जिंकलेले ४५.८६ गुणिले ९५, म्हणजे सुमारे ४,३५७ रुपये, हरलेले ४,४६२. तोटा सुमारे १०५ रुपये. खेळाडूच्या हातावर लावले तर जिंकलेले ४,४६२ आणि हरलेले ४,५८६, तोटा १२४. आणि बरोबरीवर एकास आठ मिळतात म्हणून जो हुरळून जातो, त्याचा तोटा सुमारे १,४३० रुपये!

‘शंभराला सव्वा रुपया म्हणजे काहीच नाही,’ असे कुणी म्हणेल. तासाला ६० डाव धरा आणि आठ तास बसा. ४८० डावांत ४८,००० रुपये फिरले. त्यांचे शेकडा १.२४ म्हणजे ५९५ रुपये. एखादा जिंकून उठेल, एखादा दुप्पट हरेल. पण टेबलाची सरासरी ढळत नाही. ही बँक लबाडी करीत नाही. तिला गरजच नाही. तिला फक्त तुम्ही बसून राहायला हवे आहात.

हाच हिशेब सर्वांत मोठ्या प्रमाणावर चालला तो मकावमध्ये. चीनच्या किनाऱ्यावरचे हे शहर पोर्तुगीजांचे होते, आणि १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्याहून चाले. १९९९ साली ते चीनकडे गेले. २००६ साली त्याच्या कॅसिनोंचे उत्पन्न लास व्हेगासच्या मुख्य रस्त्याच्या पुढे गेले, आणि त्यातला फार मोठा वाटा एकट्या बॅकाऱ्याचा.

मग लबाडीचे काय झाले? २०१२ साली फिल आयव्ही या अमेरिकन जुगाऱ्याने लंडनच्या क्रॉकफर्ड्स कॅसिनोत पुंतो बांकोवर सुमारे ७७ लाख पौंड जिंकले. पानांच्या पाठीवरची नक्षी दोन्ही कडांना अगदी सारखी नव्हती. आपल्याला शकुन-अपशकुनाचे वेड आहे असे भासवून त्याने आणि त्याच्या साथीदारणीने वाटणाऱ्याकडून काही पाने उलटी फिरवून घेतली, आणि मग पाठ पाहून पान ओळखले. स्वतः पानाला बोटही लावले नाही. कॅसिनोने जिंकलेले पैसे दिले नाहीत. २०१७ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ही लबाडीच आहे. निकाल न्यायाला धरूनच आहे. पण १८९१ चा खटला त्याच्या शेजारी ठेवून पाहा. तिथे मित्र मित्राविरुद्ध उभा होता आणि हळहळणारी माणसे होती. इथे एका बाजूला माणूस आणि दुसऱ्या बाजूला संस्था. ती शेकड्यातला सव्वा भाग तेवढा मोजते.

आता आपल्या अंगणात या. मुंबई इलाख्यात जुगारबंदीचा कायदा १८८७ साली झाला, त्या खटल्याच्या आधी चार वर्षे. १९७६ साली महाराष्ट्राने कॅसिनोंना परवाने देण्याचा कायदा केला खरा, पण तो कधी अंमलात आला नाही, आणि २०२३ साली तो रद्द झाला. गोव्यात मात्र कायद्यात दुरुस्त्या होऊन पणजीला मांडवी नदीत कॅसिनोंची जहाजे उभी राहिली; त्यांत बॅकाराही आला. आणि २०२० साली गोवा सरकारने जाहीर केले की १ फेब्रुवारीपासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळता येणार नाही. मोनॅकोचा नियम आठवला ना? खानावळवाला आपल्या पोरांना स्वतःच्या खानावळीत जेवू देत नसेल, तर गिऱ्हाइकाने काय समजायचे ते समजावे.

नदीतल्या जहाजापर्यंत आपल्यापैकी फारसे कुणी जाणार नाही. पण हे टेबल मोबाइलमधून शेताच्या बांधापर्यंत आले, तेव्हा कित्येक घरांना त्याचा चटका बसला. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तो यामुळेच. कायदा आपले काम करील. पण कायद्याच्या आधी पोहोचते ती समज.

महाभारतातल्या द्यूतसभेचा प्रसंग आपण कीर्तनातून ऐकत आलो. पण लावला दुर्योधनाने आणि फासे टाकले शकुनीने. धर्मराजासारखा शहाणा माणूस काय हरलो, काय उरले, हे मोजत राहिला. फासे कोणाच्या हाती आहेत हे त्याने विचारले नाही. बॅकाऱ्याच्या साऱ्या इतिहासाचे सार तेवढेच आहे. डाव कुठलाही असो, पाने कितीही सुबक असोत. पैसे काढण्याआधी एकच प्रश्न विचारावा: बँक कोणाच्या हाती आहे? ती आळीपाळीने फिरत असेल, तर मैत्री पणाला लागते आहे. ती एकाच घरी कायमची असेल, तर निकाल तुम्ही बसण्यापूर्वीच लागलेला आहे. उरला आहे तो फक्त वेळेचा प्रश्न.